बर्फाच्या गाडीचा पट्टा

त्या आठवड्यात महमूद परकारच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होती ती एक गाडी, आणि तीही बर्फावर चालणारी.

आता बहारीनमध्ये बर्फावरची गाडी कशाला, असं कुणी विचारू नये. हौसेला मोल नसतं, आणि मालकाच्या हौसेला तर अक्कलही लागत नाही. हिद्दच्या कारखान्यांच्या भागात अबू फैसलचं गॅरेज होतं. पोकलेन, बुलडोझर असली लोखंडी जनावरं तिथे दुरुस्तीला यायची आणि महमूद तिथे फोरमन होता, थोडीथोडकी नाही, एकतीस वर्षं. हा अबू फैसल तरुणपणी कॅनडात शिकायला होता. परत येताना लोक चॉकलेटं आणतात, याने ही गाडी आणली. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल. आणली, गोदामात ताडपत्रीखाली ठेवली आणि विसरून गेला. पस्तीस उन्हाळे ती तिथे शिजली. एक मैलसुद्धा न धावता तिचा पट्टा म्हाताऱ्याच्या टाचेसारखा भेगाळला.

यंदा अबू फैसलने जॉर्जियाच्या डोंगरात घर घेतलं आणि त्याला गाडी आठवली. डिसेंबरात नातीला पुढ्यात बसवून बर्फात फिरवायचं होतं. नवा पट्टा त्याने कॅनडातून मागवला. तो यायला सहा आठवडे लागले.

"महमूद, ये चेंज करने को कितना टाइम?" त्याने विचारलं.

महमूदने गाडीखाली वाकूनही पाहिलं नव्हतं. "हाफ डे, अर्बाब," तो मालकाला म्हणाला.

हा आखातातल्या जुन्या कोकणी मेकॅनिकांचा रोगच आहे. 'येत नाही' हे दोन शब्द त्यांनी मुंबईच्या विमानतळावरच टाकून दिलेले असतात. आधी 'सब होगा' म्हणायचं, मग खाली शिरून बघायचं काय काय होणार नाही ते.

शिवाय घाई महमूदलाच होती. येत्या गुरुवारी त्याचं विमान होतं, कायमचं घरी जायचं. व्हिसा महिनाअखेरीला संपत होता, दोन खोकी बांधून झाली होती. बायको कनीज रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या घरात एकटी होती. मुलगी उमैमा लग्न होऊन गेल्यापासून तर अगदीच एकटी. याआधी तीनदा परतायचं ठरलं आणि तीनदा मोडलं. एकदा बंदरातल्या बुलडोझरचं काम अडलं, एकदा महामारी आली, आणि एकदा 'व्हिसा अजून वर्षभर आहे, फुकट कशाला घालवा' असं निघालं. आता चौथ्यांदा तारीख सांगितली तेव्हा कनीज फोनवर शांतपणे म्हणाली होती, "या वक्ताला नाय आलाव, तर पुन्हा मला तारीख सांगू नका." कनीज चिडली की महमूदला काही वाटत नसे. ती शांत झाली की मात्र तो घाबरायचा.

तर रविवारी सकाळी काम सुरू झालं. पोकलेनची चेन काढणं महमूदला डोळे मिटून जमायचं. चेनमध्ये एक मास्टर पिन असते. ती ठोकून काढली की चेन उघडते आणि सतरंजीसारखी जमिनीवर पसरते. नवी अंथरायची, यंत्र तिच्यावर चढवायचं, टोकं जुळवायची, पिन ठोकायची. महमूद रबरी पट्ट्याभोवती गुडघ्यांवर फिरला. एक फेरी झाली, दोन झाल्या. पिन काही सापडेना.

"चाचा, नका हुडकू," पांडुरंग म्हणाला. हा खटावचा वेल्डर, बारा वर्षं महमूदच्या हाताखाली. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते नको तेव्हा खरं निघायचं. नव्या पट्ट्याबरोबर आलेला नकाशा त्याने उलगडून धरला होता. "ह्याला जोडच न्हाई. अंगठीवानी हाय, सलग. आतला सगळा सांगाडा काढावा लागंल, आन् पुढचा दांडा बी."

नकाशा बरोबर होता, म्हणून महमूदला त्याचा जास्तच राग आला. पट्ट्याच्या आत एक सांगाडा असतो, त्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर रबर घसरतं. पुढे एक आडवा दांडा, त्यावरची दातेरी चाकं पट्टा ओढतात. दोन्ही बाहेर काढल्याशिवाय सलग पट्टा आत जाणार कसा? बांगडी हातात घालायची तर बोटं मिटावी लागतात, बांगडी उघडत नाही.

जुना पट्टा तर टाकायचाच होता. पांडुरंगने तो ग्राइंडरने दोन मिनिटांत कापून ओढून काढला. पण सांगाड्याचे चार बोल्ट समुद्राच्या हवेने असे गंजले होते की त्यातले दोन मोडूनच बाहेर आले. त्यातच रविवार गेला. अबू फैसल दुपारी डोकावला आणि म्हणाला, "हाफ डे, हां?" महमूद म्हणाला, "इंशाल्ला." इंशाल्लाचा असा उपयोग करू नये हे त्याला कळत होतं.

सोमवारी दांड्याची पाळी. दांडा बेअरिंगमध्ये इतका गच्च बसला होता की वाटावं तिथेच जन्मला. हातोडा झाला, दांडा ओढून काढायचा पुलर झाला, शिव्या झाल्या. पुलरचा एक पाय वाकला. महमूदच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तरी घोडं तिथेच पेंड खात होतं.

"गरम करू या हळूहळू," पांडुरंग म्हणाला. "तेल सोडू, तासभर भिजू दे, पुन्ना गरम करू. निगंल."

"तासभर! गुरुवारी माझं विमान आहे, कळतं तुला?"

"कळतं की. आज सोमवार हाय."

महमूदने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर चहा आणायला पळाला असता. मग त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या नव्या पट्ट्यावर गेली. काळाकुट्ट, कोरा, रबराचा ताजा वास येणारा.

"सिमेंटच्या कारखान्यातले कन्व्हेयरचे पट्टे आपण किती वेळा कापून जोडलेत?" त्याने विचारलं.

पांडुरंगच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "चाचा, त्यो पट्टा बैलाच्या चालीनं जातो. ही गाडी पळणार हाय. नकाशात लिवलंय..."

"नकाशा लिहिणारा आला होता का इथे हिद्दला? तू मला पट्टे शिकवू नकोस, पांडू. तू शाळेत होतास तेव्हा मी पट्टे चढवत होतो."

आणि त्याने कापला. स्वतःच्या हाताने. ग्राइंडर किंचाळला, रबराचा काळा धूर नाकात गेला, आणि सहा आठवडे वाट बघून आलेली अंगठी अर्ध्या मिनिटात पट्टी झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैल विकून झाला होता. ग्राइंडर बंद केल्यावर महमूदला ते उमगलं. पण तोंडाने तो म्हणाला, "क्लिपा आण."

कन्व्हेयरच्या पोलादी क्लिपा दोन्ही टोकांना ठोकल्या, सांगाडा नवे बोल्ट घालून परत बसवला, क्लिपांतून तार ओवली, पट्टा दांड्यावरून आणि सांगाड्यावरून फिरवून जोडला. दांडा जागचा हललासुद्धा नाही. मागचे बोल्ट फिरवून ताण बसवला. वरून काळा रंग मारला. लांबून बघणाऱ्याला जोड दिसत नव्हता. जवळून बघणाऱ्यालाही तो शोधावा लागला असता. पांडुरंगने हे सगळं केलं, मग नकाशाची नीट घडी घालून ती महमूदसमोर ठेवली. ती घडी महमूदला शिवीपेक्षा झोंबली.

मंगळवारी गाडी चालवून दाखवायची होती. त्यातही फाटे. अबू फैसलने बजावलं होतं, खाली बर्फ असल्याशिवाय ती चालवायची नाही. बर्फच त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना थंड ठेवतो, नाहीतर त्या वितळतात. आता हिद्दमध्ये बर्फ कुठून आणायचा? पण कोकणी माणसाला बर्फ म्हटलं की मासळी आठवते. दापोलीकडचा फारुख मुहर्रकला मासळीचा धंदा करायचा. महमूदने त्याला फोन लावला. दुपारी फारुख पिकअपभर बर्फाचा चुरा घेऊन हजर.

"काय महमूदभाई, सेंडॉफला सुरमई आणलीस काय?" त्याने इकडेतिकडे बघत विचारलं.

"गाडीला घालायचाय."

"कुणाला?"

"तू ओत गपचूप."

अंगणात बर्फाची लांबलचक वाट तयार झाली. ऊन तिच्यावर तुटून पडलं, पाणी गटाराकडे धावू लागलं आणि माशांच्या खवल्यांसकट बाजारचा वास गॅरेजभर पसरला. शेजारच्या वर्कशॉपची मांजरं भिंतीवर ओळीने येऊन बसली. महमूदने ताजं पेट्रोल घालून गाडी सुरू केली. पस्तीस वर्षांचं मौन मोडून ती खोकली, धूर ओकली आणि हळूहळू, हळूहळू त्या वाटेवरून सरकली. क्लिपा टिकल्या. जोड सांगाड्यावरून जाताना दर वेळी 'टक' असा आवाज व्हायचा. टक, टक, टक. पांडुरंग जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात अबू फैसल आला. गाडी चालती बघून साठी उलटलेला माणूस अक्षरशः नाचला. महमूदला मिठी मारली, माशाच्या वासासकट. फोन काढून चित्रण केलं, ते नातीला पाठवलं आणि लगेच उत्तर आलं तेही ऐकवलं. सहा वर्षांची पोर खिदळत काहीतरी सांगत होती. "बोलती, फास्ट जाना, जद्दो, फास्ट," अबू फैसल म्हणाला. "मैं सेव्हंटी, एटी लेके जाता था कॅनडामें. उसको आगे बिठाएगा, ऐसा पकडेगा." त्याने हवेत दोन्ही हातांनी एक लहान पोर धरून दाखवलं.

महमूद त्या हातांकडे बघत राहिला.

आता गप्प बसलं असतं तर? गाडी कंटेनरमध्ये गेली असती, महमूद गुरुवारी विमानात. डोंगरात जोड तुटला असता तेव्हा तो खाडीकाठी चहा पीत असता. कुणी त्याला विचारायला येणार नव्हतं. कन्व्हेयरवर तुटलेली क्लिप त्याने पाहिली होती. पत्र्याला भोक पाडून ती पलीकडे गेली होती. आणि ते तर बैलाच्या चालीने चालणारं यंत्र.

अबू फैसल गाडीवर बसायला निघाला. महमूदने चावी फिरवून काढून घेतली.

"अर्बाब, मत बैठो. पट्टा मैंने काटा है."

सांगायला दोन मिनिटं लागली, अबू फैसलला समजायला पाच. त्याने वाकून काळ्या रंगाखालच्या क्लिपा बोटाने चाचपल्या. कॅनडात एंजिनिअरिंग शिकलेला माणूस होता तो, त्याला फार समजवावं लागलं नाही. मग तो भडकला. अरबीत, हिंदीत, इंग्रजीत, तिन्ही भाषा अपुऱ्या पडल्या. "थर्टी वन इयर! थर्टी वन इयर तुम ट्रॅक का काम करता! छोटा बच्चा पेपर देखता तो उसको मालूम!" शेवटी त्याने हात झटकले. "मैं नया मंगाता. सिक्स वीक. तुम किदर नहीं जाता. व्हिसा मैं दो महीना बढ़ाता. तुमने तोडा, तुम बनाएगा, फिर जाएगा. खलास."

म्हणणं रास्त होतं. महमूदने मान खाली घातली. आणि त्या क्षणी त्याला काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. आठवडाभर मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं. विमान चुकणार, कनीज कायमची शांत होणार, आणि हा बाबा सुटकेचा श्वास सोडतोय! त्याची त्यालाच लाज वाटली. खरं बोलल्यामुळे हलकं वाटत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

बुधवारी सकाळी कापलेला पट्टा उतरवायचा होता. दांडाही काढून ठेवायला हवा होता. पांडुरंगने न विचारता टॉर्च पेटवली. बेअरिंगची कड हळूहळू गरम केली, तेल सोडलं, थांबला, पुन्हा गरम केली. महमूद बाजूला बसून बघत होता. दहाच्या चहाआधी पांडुरंगने लाकडाचा ठोकळा धरून तीन हलके ठोके मारले. दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला.

तीन तास. आणि घाई कसली, तर गुरुवारची. महमूदने घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोकलेनच्या गंजलेल्या पिना त्याने आयुष्यभर अशाच काढल्या होत्या. गरम कर, तेल सोड, थांब. पांडुरंगला हे शिकवलं होतं कुणी? त्यानेच.

जेवणाच्या सुट्टीत त्याने कनीजला फोन लावला. गोदामाच्या सावलीत खोक्यावर बसून सगळं सांगितलं. गाडी, पट्टा, क्लिपा, अबू फैसल, दोन महिने. आपण खरं कसं बोललो हे जरा जास्तच रंगवून सांगितलं. पलीकडे कनीज ऐकत होती. मागे कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"एक विचारू?" ती शेवटी म्हणाली. "मुद्दाम कापलाव?"

"काय?"

"त्या पांडुरंगानं सांगितलां ना, जोड नाय म्हणून? कागदावर पण होतां. तुमी एकतीस वर्षां हाच काम करताव. मग मुद्दाम कापलाव?"

महमूद उसळला. वेडी झालीस काय, मी इथे उन्हात मरतोय, तुला काय कळतं मशीनमधलं, इकडे येऊन बघ एकदा... बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला आणि मग आपोआप थांबला. सामान संपल्यासारखा.

"कनीज," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

"कसली?"

"तिकडे यायची. मागच्या हप्त्यात तू फोनवर विचारलंस, चहात साखर किती घालू. आठवतं? बत्तीस वर्षं झाली निकाहला, आणि माझ्या बायकोला माझा चहा माहीत नाही. मला तुझं काय माहीत आहे? वर्षाला एक महिना यायचो, पाहुणा. महिनाभर सगळे चांगलेच वागतात. आता रोज सकाळी उठून मी त्या घरात काय करणार? कुठे बसू? तुझं सगळं लागलेलं आहे तिथे, माझ्यावाचून. इथे निदान मला लोक शिव्या तरी देतात, महमूद हे कर, महमूद ते कर." त्याने बाहीने डोळे पुसले. त्याला स्वतःचा संताप आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गोदामामागे बसून रडतोय. "मुद्दाम कापला की नाही, मला माहीत नाही. अल्लाची शपथ, माहीत नाही."

पलीकडे कनीजने आधी त्या कोंबडीला हाकललं.

"मला पण वाटते भीती," कनीज म्हणाली. "तुमाला काय वाटला, मी इकडे ढोल वाजवतेय? एकटीची सवय लागलीय मला. दरवाजा कवा लावायचा, कवा जेवायचा, कुणाला विचारावा लागत नाय. तुमी येणार म्हणून मला चार रात्री झोप नाय." ती थांबली. "तरी या."

"अर्बाब दोन महिने थांब म्हणतोय."

"पट्टा कापायच्या आधी अर्बाबला विचारला होताव?"

"नाही."

"मग यायला कशाला विचारताव?"

तिने फोन ठेवला.

महमूद उठला. तोंडावर पाणी मारलं आणि थेट ऑफिसात गेला. अबू फैसल कॉम्प्युटरवर नव्या पट्ट्याचीच ऑर्डर भरत होता. त्याने मान वर केली नाही.

"अर्बाब, मैं कल जाता."

"किदर?"

"घर. पट्टा पांडुरंग चढ़ाएगा. दांडा निकल गया है, उसीने निकाला. बेअरिंग, बोल्ट, सब लिस्ट बना के देता हूं आज."

अबू फैसलने चष्मा काढला. "पांडुरंग? वो भी काटेगा!"

"नहीं काटेगा. उसने मेरेको बोला था, मत काटो. दो बार बोला. मैंने नहीं सुना." महमूदला हे बोलणं पट्टा कापल्याचं कबूल करण्यापेक्षा जास्त जड गेलं. "अर्बाब, उसको मैंने सिखाया. मेरेसे अच्छा सीखा."

अबू फैसल काचेतून बाहेर बघत राहिला. बाहेर पांडुरंग दांडा कापडाने पुसून, दातेरी चाकं मोजून, फळीवर ओळीने मांडत होता. अंगणात बर्फाच्या जागी ओला डाग आणि खवले उरले होते. म्हातारा चिडलेलाच होता आणि चिडलेलाच राहणार होता, ते दिसत होतं.

"कल कितने बजे?" त्याने विचारलं.

"दोपहर दो बजे."

"मेरा ड्रायव्हर आएगा." मग हाताने माशी हाकलावी तसं केलं. "यल्ला. रूह."

महमूद बाहेर आला. दारात उभं राहून त्याने मनातल्या मनात सगळं चाचपलं. काम? ते पांडुरंगकडे गेलं. अर्बाब? त्याने जायला सांगितलं. व्हिसा, विमान, बुलडोझर, महामारी? यांतलं काहीही आता आड येणार नव्हतं. त्याच्याजवळ एकसुद्धा सबब उरली नव्हती, उरली होती ती फक्त भीती; ती घेऊनच तो पांडुरंगजवळ बोल्टांची यादी लिहायला बसला.